डाव्या किडनीकडे कुणी बघितलंच नव्हतं: गंभीर एंडोमेट्रिओसिसची एक पूर्ण केस

ही केस लिहायला पेशंटने स्वतः परवानगी दिलीय. ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील थोडे बदललेत, बाकी रिपोर्ट, ऑपरेशन आणि घेतलेले निर्णय जसे होते तसेच लिहितेय. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम एंडोमेट्रिओसिसचंच आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा टिश्यू गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजाराचं. या आजारात ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं त्याबद्दल सगळे बोलतात, पण पेशंटला आधी काय विचारलं आणि सोनोग्राफीत नेमकं काय शोधलं यावर पुढचं सगळं ठरतं, आणि हिच्या बाबतीत तेच पंधरा वर्षं राहून गेलं होतं.

वय ३१, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात झेडपीच्या शाळेत शिक्षिका, लग्नाला पाच वर्षं, मूल नाही. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं, दोन्ही ओव्हरीत चॉकलेट सिस्ट (या आजारातल्या जुन्या रक्ताने भरलेल्या गाठी), वंध्यत्व, औषधाने न थांबणाऱ्या वेदना, पिशवी (गर्भाशय) काढण्याचा सल्ला दिलाय, सेकंड ओपिनियनसाठी पाठवतोय. नवरा, सासूबाई आणि ती असे तिघं आले होते आणि फाईल एवढी जाड की रबर बँडही पुरत नव्हता.

पाळी तेराव्या वर्षी आली, पहिली दोन-तीन वर्षं ठीक होती, मग सोळाव्यापासून दुखायला लागलं. घरात ओवा, गरम पाण्याची पिशवी, "आम्हाला पण दुखायचं गं, लग्न झालं की थांबतं" हे सगळं झालं. बारावीत पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत कॉलेज बुडायचंच. डीएड करताना, वय वीस, एका रात्री पोटात इतकं दुखलं की गावातल्या डॉक्टरांनी अपेंडिक्स म्हणून पाठवलं, अपेंडिक्स काढलं, बायोप्सीत फारसं काही निघालं नाही आणि पुढच्याच पाळीला दुखणं परत हजर. मेफ्टाल स्पासची पट्टी कायम पर्समध्ये. लग्नानंतर संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखायचं, ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी मूल राहत नाही म्हणून सोनोग्राफी झाली, डाव्या बाजूला पाच सेंटीमीटरची सिस्ट निघाली, दुर्बिणीने त्यातलं रक्त शोषून घेतलं आणि बाहेर आले. नुसती सिस्ट रिकामी केली तर ती परत भरते, कारण आजार आतल्या द्रवात नसतो, भिंतीत असतो. चार महिने बरं वाटलं, मग आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं. त्यानंतर कुणीतरी सीए-१२५ ही रक्ततपासणी केली, ती १४० आली. ती केली होती पाळी चालू असताना, आणि पाळीत ही व्हॅल्यू तशीही वाढते, एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढते, टीबीतही वाढते, त्यामुळे निदानासाठी तिचा उपयोग जवळजवळ शून्य. पण आपल्याकडे मूल न होणाऱ्या बाईत टीबीची शंका घेणं चुकीचं नाही, टीबी आपल्याकडे आहेच. शंका घेतली ते ठीक, मात्र पुढे काय झालं तर पिशवीच्या अस्तराचा टीबी पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणाऱ्या पेशींच्या बारीक गाठी) नाही, कल्चर निगेटिव्ह, आणि तरी त्या एका पीसीआरवर सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. उलट्या, भूक गेलेली, वजन सहा किलो कमी, आणि पाळीचं दुखणं जिथल्या तिथे.

मग गेल्या वर्षी पोटाचे डॉक्टर. संडासला त्रास होतो म्हणाली तर आयबीएस (आतड्याचा कामातला बिघाड) ठरलं, कोलोनोस्कोपी केली ती नॉर्मल आली. इथे जरा थांबते, कारण हे बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षात नसतं. एंडोमेट्रिओसिस आतड्याला बाहेरून पकडतो आणि भिंतीत आत-आत घुसतो, सगळ्यात आतलं अस्तर बहुतेक वेळा शाबूत राहतं, आणि कोलोनोस्कोपी बघते ते अस्तर. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आतडं नॉर्मल असं या आजारात म्हणता येत नाही.

माझ्याकडे आली तेव्हा मी तिला दुखणं दहापैकी किती असं आधी विचारलं नाही, कधी आणि कुठे दुखतं ते विचारलं. संडासला होताना रोज दुखतं का पाळीतच? लघवीला? संबंधाच्या वेळी बाहेर दुखतं का आत? दुखणं मागे कंबरेत जातं का गुदद्वाराकडे? तिने फाईलमधून घडी घातलेली कालनिर्णयची पानं काढली. पाळीच्या तारखांना गोल केलेला, आणि काही तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक फुली. मी विचारलं फुली कसली, तर खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी संडासला बसायची भीती वाटते मॅडम, सुरी फिरवल्यासारखं होतं, म्हणून मी आदल्या दिवसापासून जेवतच नाही." सगळ्या फुल्या गोलाच्या आत किंवा गोलाच्या आदल्या एक-दोन दिवसांत, बाकी महिनाभर एकही नाही. ही पानं तिने आधी दोन ठिकाणी नेली होती, उघडायची वेळच आली नव्हती. मला विचाराल तर निदान तिथेच झालं होतं, पुढच्या सगळ्या तपासण्या आजार किती आणि कुठपर्यंत गेलाय हे बघायला होत्या.

आतून तपासलं तेव्हा गर्भाशय मागे वळलेलं आणि अजिबात हलत नव्हतं, मागच्या बाजूला गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या दोन्हीकडच्या लिगामेंटवर कडक गाठी, हात लागला की ती टेबलवरून उठायची. योनीमार्गाचं अस्तर मात्र चांगलं होतं.

मग आतून सोनोग्राफी, आतडं थोडं साफ करून. नेहमीच्या सोनोग्राफीत पिशवी आणि ओव्हरी बघून रिपोर्ट लिहिला जातो, पण या आजारासाठी ठरवून वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात, आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या आयडिया नावाच्या गटाने त्याची पद्धतही घालून दिलीय. डाव्या ओव्हरीत सहा सेंटीमीटरची सिस्ट, उजवीत चार, आतला द्रव घासलेल्या काचेसारखा एकसारखा करडा, आणि दोन्ही ओव्हरी पिशवीच्या मागे ओढल्या जाऊन एकमेकींना चिकटलेल्या. मग स्लायडिंग साइन. प्रोबने गर्भाशयाच्या मुखावर हलकासा दाब द्यायचा आणि स्क्रीनवर बघायचं की मागचं आतडं पिशवीच्या पाठीवरून सरकतं का. नॉर्मल बाईत ते सहज सरकताना दिसतं, काही सेकंदांचं काम आहे. हिच्यात दाब दिला की पिशवी आणि आतडं दोन्ही एकत्र हलत होते, मधली फटच नव्हती. तिथून आतड्यावर वर-वर गेलं तर भिंतीच्या स्नायूत २.८ सेंटीमीटरची काळपट गाठ, गुदद्वारापासून साधारण १० सेंटीमीटरवर. पिशवीच्या मागच्या भिंतीत थोडं अॅडेनोमायोसिस पण होतं, म्हणजे अस्तर पिशवीच्याच स्नायूत शिरलेलं, ते या आजारासोबत खूपदा असतंच.

आणि मग मी प्रोब बदलून पोटावर ठेवला. डावी किडनी फुगलेली. किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रनळी वरपासून खालपर्यंत रुंद आणि लिगामेंटवरच्या गाठीपाशी येऊन एकदम चिंचोळी. कंबरेत एका बाजूला दुखणं नाही, लघवीचा त्रास नाही, इन्फेक्शन नाही, किडनीची रक्ततपासणी (क्रिएटिनिन) नॉर्मल, कारण उजवी किडनी काम उचलत होती. तिच्या फाईलमध्ये आधीच्या तीन वर्षांतल्या सोनोग्राफ्या होत्या आणि सगळ्या फक्त पेल्विसच्या. लिगामेंटच्या आजूबाजूला आजार असेल तर मूत्रनळी हळूहळू आवळली जाते आणि किडनी काहीही आवाज न करता निकामी होते, दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. गाठी लागल्या की किडनी बघायचीच, दोन मिनिटं लागतात.

एमआरआयने हेच सगळं पक्कं केलं. कोणती किडनी किती काम करते ते बघायला डीटीपीए स्कॅन केला, डाव्या किडनीचं काम २९ टक्के, उजवीचं ७१. एएमएच, म्हणजे ओव्हरीत बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी, १.४. हिमोग्लोबिन ९.६.

आता निर्णय. सासूबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलेलं, "मॅडम, एकदाची पिशवी काढून टाका, पोरीचे हाल बघवत नाहीत." त्यांच्या बोलण्यात कुठेही नातवंडाचा हट्ट नव्हता, सुनेच्या काळजीने बोलत होत्या, म्हणून मी त्यांना चित्र काढून दाखवलं. मावशी, पिशवी ही इथे, आतड्यावरची गाठ ही इथे, मूत्रनळी इथे आवळलीय. पिशवी काढली तर पाळी थांबेल, अॅडेनोमायोसिसचं दुखणं जाईल, पण ही गाठ इथेच राहील, नळी आवळलेलीच राहील आणि ओव्हरी ठेवल्या तर त्यांच्या हॉर्मोनवर उरलेला आजार चालूच राहील. आपल्या राज्यात पिशवी काढणं हा फार सोपा सल्ला झालाय. बीडमधल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा सरकारने समिती नेमली आणि पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यांची परिस्थिती वेगळी होती, उचल, खाडे, दंड असं सगळं त्यामागे होतं, पण ओटीपोटात दुखतंय तर पिशवी काढा हा विचार तोच आहे आणि तो शिकलेल्या घरातही तसाच चालतो. मूल झालेल्या, अॅडेनोमायोसिसने त्रासलेल्या चाळिशीच्या बाईला पिशवी काढून खरंच आराम मिळू शकतो, नाही असं नाही, फक्त तेव्हाही बाकीचा आजार सोबत काढावा लागतो.

नुसत्या औषधावर ठेवता आलं असतं का? डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज घेतली तर बऱ्याच बायकांना वेदनेत चांगला फरक पडतो, आणि युरोपातल्या ईश्रे संस्थेच्या २०२२ च्या गाईडलाईनप्रमाणे आता निदान करायला म्हणून दुर्बीण घालायची गरज राहिलेली नाही, लक्षणं आणि सोनोग्राफीवर उपचार सुरू करता येतात. किडनी चांगली असती तर मी कदाचित तिथूनच सुरुवात केली असती. पण आवळलेली नळी गोळीच्या भरवशावर सोडता येत नाही, आणि ही गोळी चालू असताना गर्भ राहायची शक्यता फार कमी होते, म्हणून मूल हवं असेल तर ती चालत नाही. म्हणजे ऑपरेशन करायचं हे ठरलेलं होतं. कधी आणि कशाच्या आधी, यावर आम्ही बराच वेळ घालवला.

अडचण एएमएचची. ३१ व्या वर्षी १.४ कमीच, आणि दोन्ही ओव्हरीतल्या सिस्ट काढताना चांगला टिश्यू थोडा तरी जातोच, मग हा आकडा आणखी खाली जातो. म्हणून क्रम असा ठरला: आधी युरोलॉजिस्टनी डाव्या मूत्रनळीत डीजे स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकून किडनीवरचा दाब कमी करायचा, मग एक आयव्हीएफ सायकल करून भ्रूण गोठवून ठेवायचे, मग ऑपरेशन. स्टेंट सहज गेला नाही, बारीक साइजचा कसाबसा गेला. आयव्हीएफमध्ये आठ बीजं मिळाली, त्यातून पाचव्या दिवसाचे तीन भ्रूण गोठवले. सिस्टला सुई लागू नये म्हणून बीजं काढताना काळजी घेतली, अँटिबायोटिक दिलं, कारण चॉकलेट सिस्टमध्ये इन्फेक्शन शिरलं तर फार वाईट होतं. तेवढ्यात शिरेतून आयर्न देऊन हिमोग्लोबिन ११.८ पर्यंत आणलं. खर्चाचा प्रश्न मोठा होता, नवऱ्याने सोसायटीचं कर्ज काढलं. आयव्हीएफ आधी नको, आधी हिला बरी करा असं तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा तिनेच त्याला थांबवलं. "ऑपरेशन नंतर बीजं नाही मिळाली तर मला रोज तो विचार येईल," एवढंच म्हणाली. निर्णय तिचा होता, आमचं काम फायदे-तोटे नीट मांडायचं.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर एक अख्खी संध्याकाळ गेली. आतड्याचा तुकडा काढावा लागू शकतो, काही आठवडे पोटावर स्टोमा (संडास बाहेर पिशवीत काढायची वाट) ठेवावा लागू शकतो, शिवलेल्या जागेतून गळती होऊ शकते, लघवीच्या नसांना धक्का लागून लघवी अडकू शकते, हे सगळं दोघांसमोर सांगितलं. यातलं काही लपवून ऑपरेशन केलं आणि मग झालं तर पेशंटचा विश्वास जातो तो परत येत नाही.

थिएटरमध्ये तीन टीम, आम्ही, आतड्याचे सर्जन आणि युरोलॉजिस्ट. दुर्बीण आत गेल्यावर दिसलं ते असं की पिशवी, दोन्ही ओव्हरी आणि आतडं डिंकाने चिकटवल्यासारखं एकत्र, मागची पोकळी पूर्ण बंद. अमेरिकन स्कोअरिंगमध्ये ४० च्या वर गेलं की चौथी स्टेज, हिचा स्कोअर ९२. अशा पोटात आधी ओव्हरीला हात लावायचा मोह होतो कारण ती समोर दिसते, पण पहिली मूत्रनळी शोधायची, वर जिथे आजार नाही तिथे तिला पकडायची आणि तिच्या मागे-मागे खाली यायचं. डावी नळी गाठीने बाहेरून वेढलेली होती, नळीच्या आत आजार नव्हता, हे तिचं नशीब. सगळा कडक टिश्यू सोलून काढल्यावर तिथली नळी बारीक होती पण तिची हालचाल दिसायला लागली, म्हणून नळी कापून मूत्राशयाला नव्याने जोडायची वेळ आली नाही. लघवीच्या नसा दिसतील तिथे बाजूला ठेवल्या, डावीकडे मात्र आजार नसांच्या अगदी अंगावर होता.

मग सिस्ट. डावी पूर्ण सोलून काढली. उजवी बहुतेक सोलली, पण ओव्हरीच्या रक्तवाहिन्या येतात त्या भागाजवळची भिंत ओढली नाही, हलकीशी जाळली, तिथे ओढाताण केली की रक्त थांबवायला जास्त करंट द्यावा लागतो आणि ओव्हरी जाते. शेवटी आतडं. सर्जननी गाठ वरवरून शक्य तेवढी तासली आणि राहिलेला चकतीएवढा भाग गोल स्टेपलरने कापून तिथेच शिवून घेतला. आतड्याचा अख्खा तुकडा काढावा लागला नाही. पोटात पाणी भरून आतड्यात हवा सोडून बघितली, एकही बुडबुडा नाही, म्हणून स्टोमाही केला नाही. योनीमार्ग उघडावा लागला नव्हता, त्यामुळे दोन शिवणी एकमेकींसमोर येऊन फिस्टुला (दोन्हींमध्ये आरपार भोक) व्हायची भीती कमी होती.

बायोप्सीत सगळीकडे एंडोमेट्रिओसिस, आतड्याच्या स्नायूतही, आणि कुठेही ग्रॅन्युलोमा नाही.

नंतरचे दिवस सरळ गेले नाहीत. कॅथेटर काढल्यावर तिला लघवी होत होती पण पूर्ण नाही, झाल्यावर मोजलं तर मूत्राशयात १८० मिली शिल्लक. नसांना धक्का लागलेला. नर्सने तिला स्वतः कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवलं, पहिल्या दिवशी खूप रडली, दुसऱ्या दिवशी आरसा मागून घेतला आणि स्वतः केलं. तीन आठवड्यांत गरज संपली. गळती झाली तर बहुतेक पहिल्या आठवडाभरातच कळतं, त्यामुळे तेवढे दिवस ताप, नाडी, सीआरपी (इन्फेक्शन-सूज दाखवणारी रक्ततपासणी) यावर डोळ्यात तेल घालून लक्ष होतं, सगळं ठीक राहिलं. सहा आठवड्यांनी स्टेंट काढला.

ऑपरेशननंतर डायनोजेस्ट सुरू केलं, भ्रूण ठेवेपर्यंत आजार दबून राहावा म्हणून. पहिले दोन महिने थोडं-थोडं रक्त जात राहिलं, मूड खाली गेला, हे या गोळीने होतं आणि आधी सांगितलेलं असलं की पेशंट घाबरून गोळी सोडत नाही. हे पण सांगते की गर्भनिरोधक म्हणून या गोळीवर विसंबायचं नसतं.

तीन महिन्यांनी संडासचं दुखणं गेलेलं. पूर्वी दहापैकी नऊ म्हणायची, आता दोन. संबंधाच्या वेळचं दुखणं मात्र तेवढं गेलं नाही, आणि ते अपेक्षित होतं. पंधरा वर्षं दुखत असलं की ओटीपोटाचे स्नायू सतत आवळलेले राहतात, मेंदूही दुखण्याला सरावतो, गाठ काढली म्हणून ते एका दिवसात सुटत नाही. तिला पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी सुरू केली, रात्री नसांचं दुखणं कमी करणारं अॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिलं, नवऱ्यालाही एका सेशनला बसवलं. हळूहळू फरक पडतोय.

डाव्या किडनीची सूज उतरली, पण स्कॅनमध्ये काम ३२ टक्के, म्हणजे जे गेलं ते गेलंच. दोन-तीन वर्षं आधी कुणी पोटावर प्रोब ठेवला असता तर यातलं किती वाचलं असतं हा प्रश्न तिने मला विचारला. बरंचसं, असं मी तिला खरं ते सांगितलं.

डब्ल्यूएचओच्या अंदाजाप्रमाणे प्रजननाच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा आजार असतो. सगळ्यांचा चौथ्या स्टेजला जात नाही, आणि स्टेजवरून दुखणं किती ते कळतही नाही, पहिल्या स्टेजची मुलगी अंथरुणाला खिळते आणि चौथीची बाई मूल होत नाही म्हणून येते तेव्हा कळतं. म्हणून शाळा-कॉलेज बुडवायला लावणारं पाळीचं दुखणं घेऊन मुलगी आली तर मी तिला पंधरा-सोळाव्या वर्षीच सिरियसली घेते, आतून सोनोग्राफी करत नाही, पोटावरून करते, आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं खरं मानून औषध सुरू करते.

पहिला भ्रूण ठेवला, राहिला नाही. दोन शिल्लक आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षांची ड्युटी आणि वर्षअखेरीचे निकाल यात तिला मध्येच सुट्ट्या घ्यायच्या नाहीयेत, म्हणून पुढचा मे महिन्याच्या सुट्टीत ठेवायचं ठरलंय आणि तोपर्यंत डायनोजेस्ट परत सुरू केलंय. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आहे, पेल्विस आणि दोन्ही किडन्या, कारण हा आजार परत येऊ शकतो. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी ते लाल पेनने लिहून ठेवलंय, म्हणजे उद्या ती बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवलं तरी किडनी बघायची राहून जाणार नाही.